चाक काढा, पट्टा चढवा!

समजा, तुमच्या बाइकचं मागचं चाक काढलं. मग पुढचंही काढलं. काय उरलं? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर एकच, पोलीस चौकीत तक्रार! पण कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हिवाळा तोंडावर आला की लोक स्वतःच्या हाताने, शिट्टी वाजवत, हेच करतात. डर्ट बाइकचं मागचं चाक निघतं आणि तिथे रबराचा लांबलचक पट्टा बसतो. पुढचं चाक निघतं आणि तिथे येते एकच रुंद स्की. इंजिन तेच, हँडल तेच, सीट तीच. उन्हाळ्यात चिखल उडवणारी बाइक डिसेंबरात बर्फ उडवायला तयार! हिचं नाव स्नोबाइक.

गेल्या फेब्रुवारीत मी व्हँकुव्हरला मावसभावाकडे गेले होते. दादा आयटीवाला. दहा वर्षं झाली तिकडे. घर झालं, गाडी झाली, आता ‘लाइफमध्ये काहीतरी एक्सायटिंग पाहिजे यार’ या स्टेजला आलाय. त्याने एक सेकंडहँड स्नोबाइक हेरून ठेवली होती. वहिनीची अट साधी होती, ‘आधी एक दिवस भाड्याने चालवून बघा, मग पैशांचं बोलू.’ मी आयतीच सापडले. ‘तू पत्रकार ना? चल, स्टोरी मिळेल!’ म्हणत दादाने मला गाडीत कोंबलं. आणि आम्ही निघालो रेव्हलस्टोकला.

इंजिन तेच, पाय नवे

वाटेत सहा-सात तास होते, त्यामुळे दादाने मला पूर्ण टेक्निकल लेक्चर दिलं. तुम्हाला थोडक्यात सांगते.

स्नोमोबिल तुम्ही सिनेमात पाहिली असेल. पुढे दोन स्की, मागे रुंद पट्टा, सोफ्यासारखी सीट. क्यूबेकमधल्या जोसेफ-आर्मान बोम्बार्दिए या मेकॅनिकने बर्फावर चालणारी वाहनं बनवली, त्यामागे एक दुःखद गोष्ट आहे. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या आजाराने गेला. रस्ते बर्फाने बंद, हॉस्पिटल गाठताच आलं नाही. पुढे १९५९ मध्ये त्याच्याच कंपनीची ‘स्की-डू’ बाजारात आली आणि बर्फावर फिरणं हा खेळ झाला.

स्नोबाइक ही त्या घराण्यातली धाकटी आणि जरा आगाऊ. डर्ट बाइकचं मागचं चाक ज्या स्विंगआर्मवर असतं तो स्विंगआर्म आणि मागचा शॉकअप, दोन्ही काढायचे. त्याच जागी पट्ट्याची पूर्ण फ्रेम बोल्टने कसायची. बाइकची चेन आता चाकाऐवजी एक शाफ्ट फिरवते आणि तो शाफ्ट पट्टा फिरवतो. पट्ट्यावर रबरी पाती असतात, आपल्या वल्ह्यासारखी. ती बर्फ मागे ढकलतात आणि बाइक पुढे जाते. पुढे चाकच नाही, म्हणजे पुढचा ब्रेकही नाही! ब्रेक पट्ट्यावर लागतो. मॉडेलच्या नावात १२० किंवा १२९ असे आकडे दिसतात, ती पट्ट्याची लांबी, इंचात.

गंमत म्हणजे एवढ्या थंडीत इंजिन तापण्याऐवजी गार पडायची भीती. म्हणून थर्मोस्टॅट बसवतात, रेडिएटर थोडा झाकतात. हवा आत घेण्याच्या जागी बर्फ शिरू नये म्हणून वेगळी जाळी लावतात. त्यात वर गेलं की हवा विरळ. दर हजार मीटरला इंजिनाची साधारण दहा टक्के ताकद जाते. म्हणून बहुतेक जण ४५० सीसीच्या आसपासची बाइक वापरतात आणि हौशी मंडळी टर्बो चढवतात.

अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या टिंबरस्लेड कंपनीने ही किट लोकप्रिय केली. २०१५ मध्ये पोलारिस या बड्या स्नोमोबिल कंपनीने टिंबरस्लेड विकत घेतली. २०१७ मध्ये अ‍ॅस्पेनच्या एक्स गेम्समध्ये स्नोबाइकची रेस पहिल्यांदा झाली आणि कॅनडाच्या ब्रॉक हॉयरने गोल्ड मारलं. टीव्हीवर झळकल्यावर काय, तरुण पब्लिक तुटून पडलं.

आम्हाला मिळालेली बाइक केशरी केटीएम होती. बघून एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं! २००७ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने केटीएममध्ये पहिल्यांदा भागीदारी घेतली आणि ड्यूक चाकणला बनते, हे मी गाइडला अभिमानाने सांगून टाकलं. ही डर्ट बाइक मात्र ऑस्ट्रियाची होती, ही बारीकशी गोष्ट मी गाळली.

गाव लहान, बर्फ महान

रेव्हलस्टोक म्हणजे कोलंबिया नदीच्या काठचं आठेक हजार वस्तीचं गाव. येताना वाटेत क्रेगेलाकी लागतं. तिथे ७ नोव्हेंबर १८८५ ला कॅनडाच्या पूर्व-पश्चिम रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला. म्हणजे हे गाव मूळचं रेल्वेचं. आता मात्र इथल्या कॉफी शॉपमध्ये बसलेल्या दर दुसऱ्या माणसाच्या अंगात स्कीची पँट असते.

कारण एकच, बर्फ. जवळच्या माउंट कोपलँडवर १९७१-७२ च्या एका हिवाळ्यात २४ मीटरहून जास्त बर्फ पडला. आठ मजली इमारत डोळ्यांपुढे आणा! २००७ मध्ये सुरू झालेल्या इथल्या स्की रिसॉर्टचा वरपासून खालपर्यंतचा उतार १,७१३ मीटर आहे. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर. म्हणजे अख्खं कळसूबाई समुद्रातून उचलून इथे ठेवलं, तरी स्कीवाले त्याच्या डोक्यावरून निघतील.

स्नोमोबिल आणि स्नोबाइकवाल्यांसाठी बोल्डर माउंटन आणि फ्रिस्बी रिज हे गावाजवळचे दोन अड्डे. सकाळी साडेआठला पार्किंगमध्ये पोचलो तर ट्रकांची रांग, पेट्रोलचा वास, कुणाच्या तरी स्पीकरवर गाणी. लोणावळ्याचा पावसाळी रविवार म्हणा ना. फक्त भजी नाहीत आणि तापमान उणे बारा.

पाय टेकायची सवय सोडा

आता मेन गोष्ट. टू-व्हीलर चालवणाऱ्याला हे जमतं का?

जमतं. आणि जमत नाही. दोन्ही!

क्लच, गिअर, अ‍ॅक्सिलरेटर सगळं ओळखीचं. पहिल्या पाच मिनिटांत वाटतं, अरे, ही तर आपलीच! मग पायवाटेवरच्या दाबलेल्या कडक बर्फावर पुढची स्की स्वतःच्या मर्जीने इकडेतिकडे पळू लागते. हँडल घट्ट धरलं की आणखी पळते. गाइडचा सल्ला होता, मनगटं सैल सोड, उभी राहा आणि गुडघ्यांनी बाइक सांभाळ.

खरी मजा भुसभुशीत बर्फात. तिथे बाइक अक्षरशः तरंगते. वेग ठेवलात तर वर राहता, कमी केलात की बुडता. आपल्याला सवय काय? घाबरलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि पाय टेकायचा. इथे पाय टेकला की तो मांडीपर्यंत आत! वळताना हँडल फिरवायचं नाही, अंग झुकवायचं. बाइक झुकते, पट्ट्याची कड बर्फात रुतते आणि मोठी गोल वेलांटी काढत तुम्ही वळता. मागे बर्फाचा पांढरा पिसारा उडतो. पहिल्यांदा हे नीट जमलं तेव्हा मी हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडले. कुणाला ऐकू गेलं नाही, हे बरंच झालं.

आणखी एक गंमत. खोल बर्फात थांबलात की बाइक स्वतःच उभी राहते. स्टँडची गरजच नाही. पण रिव्हर्स गिअर नाही, तेव्हा चढावर तोंड करून थांबायचं नाही. थांबायचंच तर आडवं, नाहीतर उताराकडे तोंड करून. हे ज्याला कळलं नाही, तो पुढचा अर्धा तास फावडं मारतो.

दुपारपर्यंत दादा आणि मी दोघंही झाडांमधून वाट काढत होतो. स्नोबाइक अरुंद असते. स्नोमोबिल जिथे शिरत नाही अशा दोन झाडांमधून ती आरामात जाते, आडव्या उतारावरूनही सरळ निघते. सकाळी पहिल्यांदा हात लावलेल्या मशीनवरून आम्ही दुपारी दोन हजार मीटरच्या आसपास पोचलो होतो. पायी, बर्फातले बूट घालून, तिथे यायला दिवस गेला असता. दादाचे डोळे चमकत होते. ‘घेतली समज,’ तो म्हणाला.

पिसांचा थर

आणि मग समोर तो उतार आला.

मोठ्या वाटीसारखा खोलगट डोंगर. वर निळं आकाश, खाली अखंड पांढरा बर्फ. कडेने कुणाच्या तरी स्नोमोबिलच्या तीन-चार रेघा गेलेल्या. फोटो काढला असता तर तुम्ही डेस्कटॉपला लावला असता. गाइडने हात वर केला आणि सगळ्यांची इंजिनं बंद करायला लावली.

ती खाली उतरली आणि फावड्याने खड्डा खणू लागली. खड्ड्याच्या भिंतीत तिने तीस बाय तीस सेंटिमीटरचा बर्फाचा एक खांब मोकळा केला. त्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि हाताने थापट्या मारायला सुरुवात केली. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून, अशी ही टेस्ट. आमचा खांब कोपराच्या तिसऱ्या थापटीलाच निसटला. वरचा अर्धा मीटर जाडीचा ठोकळा सरळ पुढे घसरला, कपाटाचा ड्रॉवर बाहेर यावा तसा. तुटलेल्या जागी बारीक, चपटे, पिसांसारखे स्फटिक चमकत होते.

हे स्फटिक थंड, निरभ्र रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर तयार होतात. आपल्याकडे दव पडतं, तसाच प्रकार. दिसायला इतके सुंदर की बघत राहावं. त्यावर नवा बर्फ पडला की ते आत गाडले जातात आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहतात. वरचा जड थर या पिसांवर टेकलेला. त्यावर एखाद्याने बाइक घातली, की पिसं मोडतात आणि वरचा थर पाटीसारखा सुटतो. हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. म्हणजे नेमका जो उतार चालवायला सगळ्यात भारी वाटतो, तोच!

गाइड म्हणाली, परत फिरायचं.

दादाचा चेहरा पडला. एवढे पैसे, एवढा प्रवास. ‘पण तिकडे आधीचे ट्रॅक आहेत की!’ त्याने हात करून दाखवलं. गाइड शांतपणे म्हणाली, ट्रॅकवरून एवढंच कळतं की कुणीतरी तिथून गेलं. तो माणूस त्या थराच्या कमकुवत जागेवरून गेला की शेजारून, हे ट्रॅकवरून कळत नाही. दुसऱ्याच्या, दहाव्याच्या किंवा विसाव्याच्या वजनाने उतार सुटू शकतो.

आम्ही परत वळलो. वळताना एका सपाट भागावर बाइकखालून ‘व्हुम्फ’ असा जड आवाज आला, तळघरात कुणीतरी गादी आपटावी तसा. बर्फ जागच्या जागी दोन बोटं खाली बसला. आतला थर मोडल्याचा तो आवाज. सपाटी होती म्हणून नुसता आवाज झाला. दादा माझ्याकडे बघत होता. उतारावर काय झालं असतं, हे त्याला कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

दहा मिनिटांचा हिशोब

सकाळी निघण्याआधी आम्हाला प्रत्येकी तीन वस्तू मिळाल्या होत्या. छातीला बांधायचा ट्रान्सीव्हर, घडीची लांब काठी आणि फावडं. तेव्हा मला ती फोटोपुरती स्टाइल वाटली होती. ट्रान्सीव्हर दिवसभर ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल सोडत असतो. कुणी गाडलं गेलं की बाकीचे आपापला ट्रान्सीव्हर शोधण्याच्या मोडवर टाकतात. सिग्नलच्या मागे जायचं, काठी खुपसून माणूस कुठे आहे ते बघायचं आणि खणायचं. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते. दहा मिनिटांत हेलिकॉप्टर येत नाही. तुमच्याबरोबर जे आहेत, तेच तुमची रेस्क्यू टीम!

या गावाला हे फार आधीपासून माहीत आहे. ४ मार्च १९१० ला जवळच्या रॉजर्स पासमध्ये आधीच्या हिमस्खलनाचा बर्फ रुळांवरून काढणाऱ्या कामगारांवर दुसरं हिमस्खलन आलं आणि ५८ जण गेले. आजही तिथल्या हायवेवर बर्फ मुद्दाम आधीच पाडण्यासाठी लष्कर तोफा डागतं. २००३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत या भागात दोन हिमस्खलनांत सात-सात माणसं गेली. दुसऱ्या वेळचे सातही जण शाळकरी मुलं होती. त्यानंतर २००४ मध्ये जी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तिचं आजचं नाव अ‍ॅव्हलांच कॅनडा. तिचं ऑफिस रेव्हलस्टोकमध्येच आहे. आणि १३ मार्च २०१० ला याच बोल्डर माउंटनवर स्नोमोबिलवाल्यांचा अनौपचारिक मेळा भरला असताना उतार सुटला. सुमारे दोनशे लोक तिथे होते. दोघे गेले, तीसेक जखमी झाले. धोक्याचा इशारा आधीच दिलेला होता.

सोपं झालं, तिथेच घोळ

संध्याकाळी पिझ्झा खाताना दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मशीन फार लवकर जमलं ग.’

मला वाटतं, या सगळ्या थ्रिलचं मर्म याच वाक्यात आहे. पायी किंवा स्कीवर त्या उतारापर्यंत जायला आधी माणसाला कितीतरी हिवाळे लागत. त्या हिवाळ्यांत तो बर्फ बघायला शिकत असे. वारा कुठून येतोय, रात्री आभाळ कसं होतं, पायाखाली आवाज कसला येतोय. चढण्याची मेहनत हाच त्याचा क्लास होता. सिंहगडावर नेहमी पायी जाणाऱ्याला पावसात कुठली पायरी घसरते ते बरोबर माहीत असतं. गाडीने गेलेल्याला फक्त भज्यांचा स्टॉल माहीत असतो. स्नोबाइकने पोचायचं काम सोपं केलं, तेही एका दिवसात. शिकायचं काम मात्र तेवढंच अवघड राहिलं. आणि पट्टा जितका चांगला, तितके आपण लवकर अशा जागी पोचतो जिथलं आपल्याला काही कळत नाही.

सोय फक्त आपलीच होते असंही नाही. या डोंगरात कॅरिबू नावाची हरणं राहतात. त्यांचे खूर इतके पसरट की ती खोल बर्फावर बुडत नाहीत. निसर्गाची स्नोबाइकच! हिवाळाभर ती उंचावर राहून झाडांवरचं दगडफूल खातात. लांडगे मात्र खोल बर्फात अडकतात, म्हणून तिथे येत नाहीत. पण मशीनने दाबलेली कडक वाट तयार झाली, की लांडग्यांना वर जायला हायवे मिळतो. म्हणून काही भाग गाड्यांना बंद ठेवले आहेत. नकाशावर ते दाखवलेले असतात आणि ते पाळायचे असतात.

दादाने बाइक घेतली का? अजून नाही. घरी पोचल्यावर त्याने त्या जाहिरातवाल्याला ‘पुढच्या सीझनला बघू’ असा मेसेज केला आणि हिमस्खलनाच्या दोन दिवसांच्या कोर्सला नाव घातलं. एकट्याचं नव्हे. वहिनीचंही! कारण तो गाडला गेला तर खणणार कोण, हा प्रश्न वहिनीनेच विचारला.

जायचंय?

* भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. लवकर अर्ज करा. रेव्हलस्टोकसाठी जवळचा मोठा विमानतळ केलोना, तिथून साधारण २०० किलोमीटर.
* हिवाळ्यात गाडी भाड्याने घेतलीत तर विंटर टायर आहेत ना, बघा. इथल्या डोंगरी हायवेवर ऑक्टोबरपासून ते सक्तीचे आहेत.
* पहिल्यांदा गाइडशिवाय नको. गाइड खड्डा खणतो का, ट्रान्सीव्हर वापरायला शिकवतो का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा.
* रोज सकाळी अ‍ॅव्हलांच कॅनडाचं बुलेटिन वाचा. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. तिसरी पायरी मधली दिसते म्हणून ‘ठीक आहे’ समजू नका.
* झाडांच्या बुंध्याभोवती बर्फात पोकळ खड्डा असतो. त्यात डोकं खाली पडलं तर एकट्याला बाहेर येता येत नाही. जोडीदार नजरेआड होऊ देऊ नका.
* गुलमर्गला जाणाऱ्यांनो, हे तुम्हालाही लागू! फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या अफरवतवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. आपल्याकडे डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. हॉटेलवाला ‘कुछ नहीं होता’ म्हणाला तरी तो इशारा आधी बघा.